साठ रुपये ताट

अन्नदान हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. अन्न उतरतं, दान उतरत नाही. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेरनं भाकर आली, त्याला या शब्दाचा शिळ्या कालवणासारखा वास येतो. माझी पणजी पाटी घेऊन गावात फिरायची. वतनाचा हक्क आहे, असं म्हणायचे. हक्क होता तर भाकर वरनं का टाकत होते? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे सोडायला सांगितलं. मेलेलं ढोर सोडायला सांगितलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, त्यात महारवतनही गेलं. पाटी गेली. पण वरनं टाकणारा हात लोकांच्या डोक्यातनं अजून गेलेला नाही. खालनं पसरलेला हातही आपल्यातल्या काहींच्या डोक्यात शिल्लक आहे. आपण कार्यकर्ते म्हणवतो, म्हणून हे आधी आपल्यालाच सांगतो.

तुम्ही म्हणाल, सहा डिसेंबरला दादरला आपलीच माणसं रांगा लावून जेवण वाटतात, त्याचं काय? कामगार संघटना, बँकेतले, रेल्वेतले, पालिकेतले आपले कर्मचारी पातेली लावतात. लांबून आलेल्या म्हाताऱ्या बायांना ताट देतात. ते मी दान मानत नाही. तो आपल्या माणसानं आपल्या माणसाचा केलेला पाहुणचार आहे. तिथं देणारा वर नाही आणि घेणारा खाली नाही. मी बोलतोय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. आपण समाजकार्य म्हणून जे करतो, त्याला पैसा लागतो. तो पैसा आणायचा कसा आणि घालायचा कुठं, एवढंच बोलायचंय.

आमचं किकवी भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर. कात्रज उतरलं की खेड शिवापूर, मग नसरापूरचा फाटा, कापूरहोळ आणि मग आम्ही. पुढं सारोळा, नीरा नदी, पलीकडं शिरवळ. मी नीरेपलीकडं एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. ठेकेदाराचा माणूस. शाळा दहावीला सुटली. वाचायला शिकलो ते पाळी सुटल्यावर, समाजमंदिरातल्या कपाटातली पुस्तकं उचलून. कविता लिहितो, पण आज कविता नाही.

वस्तीत आम्हा पोरापोरींचं मंडळ आहे. नाव सांगत नाही, नावासाठी काम चाललेलं नाही. समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका चालते. स्कॉलरशिपचे फॉर्म भरून देतो. कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर गाडी काढतो, रक्त लागलं तर जातो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याकडनं पायी निघालेली माणसं याच रस्त्यानं चालली होती. तेव्हा घराघरातनं भाकरी गोळा करून आम्ही रस्त्याला उभे राहिलो. पैसे घेतले नाहीत. भुकेल्याला किंमत सांगत नसतात. तेव्हा आमची जातही कुणी विचारली नाही. पोट खपाटीला गेलं की वाढणारा हात कुणाचा ते दिसत नाही. भरल्या पोटी मात्र फार स्पष्ट दिसतं.

तर २०२४ च्या डिसेंबरात बैठक बसली. अभ्यासिकेत बाक कमी पडत होते. ट्यूब गेलेल्या. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जुनी झालेली. पैसा कुठनं आणायचा? एक म्हणाला, पावतीपुस्तक छापू, हॉटेलं फिरू. दुसरा म्हणाला, एखाद्या मोठ्या माणसाला गाठू, त्याचा फोटो फ्लेक्सवर टाकू, तो एका दमात सगळं देईल.

कोपऱ्यात आत्या बसली होती. सत्तरीपुढची बाई. ती म्हणाली,

"आरं, आमी पाटी घिऊन फिरलो, तुमी आता पावतीबुक घिऊन फिरा. फरक काय पडला?"

कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "भाकरी मला येत्यात. रस्ता दारात हाय. इकू की."

असं ठरलं. २ आणि ३ जानेवारी २०२५, दोन दिवस सर्व्हिस रोडच्या कडंला मांडव टाकायचा. पिठलं, बाजरीची आणि तांदळाची भाकरी, ठेचा, कांदा. ताट साठ रुपये. तारखा मुद्दाम निवडल्या. २ तारखेला नव्या वर्षाची महाबळेश्वर-पाचगणीची गर्दी परतत असते. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं जन्मगाव नायगाव नीरेपलीकडं, शिरवळच्या पुढं, खंडाळा तालुक्यात. पुण्याकडनं जाणारी माणसं आमच्या दारावरनं जातात.

खरा वाद पुढं झाला. मांडवात बाबासाहेबांचा आणि सावित्रीबाईंचा फोटो लावायचा का? एक जण म्हणाला, "फोटो घरी आहेतच की. इथं धंदा बघू. फोटो बघून निम्मी गिऱ्हाइकं पुढं जातील, मग बाक कुठनं आणणार?" तो पोरगा वाईट नाही. त्याचा स्वतःचा चहाचा गाडा होता, काय भोगलं ते त्यालाच ठाऊक. त्याच्या बोलण्यात भीती होती तसा अनुभवही होता. दुसरी एक पोरगी, कॉलेजात शिकते, ती म्हणाली, "फोटो लपवशील. पण मोबाईलवर पैसे घेशील तेव्हा क्यूआर कोडवर नाव येणार, आडनाव येणार. ते कुठं लपवशील?"

मला त्या वेळी बाबासाहेबांचं एक पत्र आठवलं. १४ नोव्हेंबर १९३२ चं. गोलमेज परिषदेला निघालेले असताना त्यांनी ते बोटीवरनं ठक्करबाप्पांना लिहिलं. पुणे करार होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. अस्पृश्यतेच्या विरोधात काढलेल्या त्या संघाचे ठक्कर चिटणीस. पुढं तोच हरिजन सेवक संघ झाला. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, की एकेकट्या अस्पृश्याला सुधारायच्या मागं लागू नका. विहीर, शाळा, चावडी, वाहनं यांवरच्या हक्कांची लढाई गावोगाव करा. कामधंद्याची समान संधी मिळवून द्या. आणि एक गोष्ट त्यांनी नेमकी दाखवली. अस्पृश्याला भाजी, दूध, लोणी विकून पोट भरता येत नाही. सवर्ण हिंदू या वस्तू परधर्मीयाकडनं घेईल, पण अस्पृश्याकडनं घेणार नाही. संघानं ते ऐकलं नाही. पुढं १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी या सगळ्या सेवाकार्याची, दयेनं मारायचा बेत म्हणून संभावना केली.

मी बैठकीत एवढंच सांगितलं. आपल्या हातचं कुणी विकत घेत नव्हतं, म्हणून आपण दान घेणारे झालो. ही गोष्ट आधी, ती नंतर. आता विकायला बसायचंच तर कोण विकतंय ते झाकून विकण्यात काय हशील?

गिरणीतला माणूस हे पटकन ओळखतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा. आपली थुंकी दोऱ्याला लागणार आणि दुसऱ्याच्या तोंडात जाणार. जादा पगाराचं खातं या थुंकीपायी बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. दोरा काय आणि भाकर काय, विटाळाचं गणित एकच. ते गणित पगारात उतरतं, ताटातही उतरतं.

फोटो लागले. चहाच्या गाड्यावाल्यानंच खांबाला तारेनं बांधले.

२ तारखेला सकाळपासनं चूल पेटली. मला दुपारची पाळी होती, बारापर्यंत मी वाढायला होतो. पहिलं गिऱ्हाईक ट्रकचा ड्रायव्हर. तो फोटोकडं बघून "जय भीम" म्हणाला नाही, की तोंडही फिरवलं नाही. चार भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला, दात कोरत गेला. रस्त्यावरच्या कष्टाच्या माणसाचं तसंच असतं. त्याला गरम हवं होतं.

एक गाडी थांबली. बाई उतरली, पोरं उतरली. नवरा मांडवापाशी आला, वर बघितलं, आणि म्हणाला, "अगं, पुढं बघू, इथं सावली नाही." मांडवाला सावली होती. पोरं पुन्हा गाडीत बसली. अशा तीन-चार गाड्या झाल्या. आत्या भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

अकराच्या सुमाराला एक गृहस्थ आले. चांगला माणूस. हसून बोलले, मंडळाची चौकशी केली, अभ्यासिकेचं ऐकून "छान, छान" म्हणाले. खिशातनं पाचशेची नोट काढली आणि पुढं धरली. "जेवण राहू द्या. ही माझ्याकडनं देणगी."

गल्ल्यावर ती कॉलेजातली पोरगी होती. ती म्हणाली, "काका, देणगी घेत नाही. बसा, जेवून जा. साठ रुपये होतील."

"अगं, जेवण झालंय माझं."

"मग नुसती भाकर आणि ठेचा घ्या. घरी न्या, बांधून देते."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग नोट खिशात घातली, हात जोडले आणि निघून गेले.

त्या रात्री यावरनं भांडण झालं. पाचशे म्हणजे आठ ताटांहून जास्त. दोन पुस्तकं आली असती. माणूस भला होता, त्याचं पोट खरंच भरलेलं असेल. मलाही त्याच्या पोटातलं काही ठाऊक नाही, आणि मी त्याच्यावर आरोप करत नाही. पण पोरगी म्हणाली ते मला आजही बरोबर वाटतं. ती म्हणाली, "ते पाचशे घेतले असते तर आपला मांडव दानपेटी झाला असता. मग प्रत्येकाला सोपं झालं असतं. नोट टाकायची आणि भाकरीला हात लावायचा नाही."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितोय. दान देणाऱ्याला आपल्या शेजारी बसावं लागत नाही. विकत घेणाऱ्याला ताट हातात घ्यावं लागतं, मीठ कमी आहे म्हणावं लागतं, आणि आपण म्हणतो, घ्या मीठ. यात दोघंही उभे असतात.

महाडला काय झालं ते आठवा. आमच्या भोरवरनं वरंधा घाट उतरला की महाड. मार्च १९२७ च्या परिषदेला पाणी लागलं, तर ते सवर्णांकडनं चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. गावात सार्वजनिक तळं असताना. २० मार्चला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली. त्यानंतर गुंड मांडवात घुसले. जेवणारांना मारलं, अन्न मातीत कालवलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा गावातले व्यापारी माल विकायला तयार नव्हते. धान्य बाहेरनं आणावं लागलं. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. म्हणजे आपण विकलेलं कुणी घ्यायचं नाही, आणि आपण घ्यायला गेलो तर कुणी विकायचं नाही. पैसा हातात असून बाजार बंद. आणि जुनं झालं असं म्हणू नका. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शाळेच्या जेवणाला स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईच्या हातचं शाळेत खायला पोरांनी नकार दिला. पोरांना हे कुणी शिकवलं?

३ तारखेला गर्दी झाली. नायगावला जाणाऱ्या गाड्या, निळे झेंडे, पिवळे झेंडे, बायांची एक आख्खी बस. पीठ दोनदा आणावं लागलं. चहाच्या गाड्यावाला हसत म्हणाला, "ही आपलीच माणसं. यात सिद्ध काय झालं?" बरोबर आहे त्याचं. ३ तारखेनं गल्ला भरला, सिद्ध काय व्हायचं ते २ तारखेला झालं.

पण नायगावचं नाव निघालंच, तर एक सांगतो. आमच्या रस्त्याच्या एका टोकाला नायगाव आणि दुसऱ्या टोकाला, कात्रजच्या पलीकडं, धनकवडी. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजानं धनकवडीला उपाशी पोरांसाठी बालाश्रम काढला. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी मदतीचं पत्रक काढलं. आपल्या या कामाची सगळ्यात जुनी नोंद मला तीच दिसते. ते दान होतं का? मला वाटतं, नाही. ज्या माणसानं १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना उघडला, त्याच्या घरची ती भाकर होती. आधी हौद उघडला, मग अन्न वाटलं. ज्याचा हौद बंद आहे त्याच्या अन्नछत्राचं कौतुक मला सांगू नका.

आता हीच मोजपट्टी आपल्याला लावायची. पैसा जमला. बाक आणि पुस्तकांचं ठरलेलंच होतं. उरलेल्याच्या वह्या घेऊन वीटभट्टीवर जायचं, असं काहींचं म्हणणं पडलं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातले कातकरी दिवाळी झाली की भट्ट्यांवर उतरतात, पावसाच्या तोंडाला वर जातात. पोरं मधल्यामधी शाळेतनं सुटतात. वह्या घेण्याआधी विचारून येऊ म्हणून आम्ही तिघं गेलो. फोटो काढायचा नाही, हे जातानाच ठरवलं होतं.

एका आईला विचारलं, पोरांना काय लागतं? ती विटा रचत होती. थांबली नाही.

"वह्या पोरं दोन दिसांत फाडत्यात. दाखला मिळंल का? मास्तर दाखला मागत्यात. आमचा कुनाचाच न्हाय."

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. हक्काच्या योजना आहेत, पण दारात जातीचा दाखला उभा. त्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा डोंगरातनं भट्टीवर आणि भट्टीवरनं डोंगरात असा जगला, त्यानं कागद कुठल्या पेटीत ठेवायचा? आपल्याकडं निदान शाळेच्या जुन्या रजिस्टरात पणजोबाच्या नावापुढं जात लिहिलेली सापडते. ज्या शब्दानं आपल्याला छळलं, तो शब्दच आज पुरावा म्हणून कामाला येतो. यांचं नाव तर रजिस्टरातच नाही.

आम्ही वह्या घेतल्या नाहीत. त्या पैशात सात कुटुंबांच्या कागदांचं काम धरलं. जुनी रजिस्टरं शोधायची, नातलगांचे दाखले मिळवायचे, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, एसटीचं भाडं. दिवस मोडतो. मी रात्रपाळी करून दोनदा भोरला गेलो. हे काम फोटोत दिसत नाही, आणि कुणी स्टेटसला ठेवत नाही. पण वही देऊन आलो असतो, तर त्या बाईपुढं आमचा हात वरनं आला असता. तिच्या हातात दाखला पडला की तिला आमची गरज उरणार नाही. कार्यकर्त्याची गरज संपावी, हेच आपलं काम.

मंडळाच्या प्रत्येक कामाला हा एक प्रश्न लावा. आपण निघून आल्यावर त्या माणसाकडं काय उरतं? वस्तू उरली तर ती संपेल. हक्क उरला तर तो पुढच्या वेळी आपल्यावाचून उभा राहील.

हिशेब जाहीर करतो, कारण हिशेब न देणाऱ्या मंडळांनीच आपला समाजकार्यावरचा विश्वास उडवलाय. पहिल्या दिवशी ११८ ताटं, दुसऱ्या दिवशी २४६. एकूण ३६४ ताटांचे २१,८४० रुपये. पीठ, बेसन, तेल, कांदा, मिरची, गॅस आणि मांडवाचं भाडं मिळून खर्च ९,१२०. उरले १२,७२०. त्यातले ६,५०० जुने बाक आणि ट्यूबलाईटला, ३,४०० पुस्तकांना, २,८२० दाखल्यांच्या कामाला. देणगी शून्य.

सातांपैकी दोन दाखले हातात आलेत. पाचांचे कागद फिरतायत.

पुढच्या वेळी बेसन महागलंय म्हणून ताट सत्तरला करावं लागेल, असं आत्या म्हणते. फोटो खांबालाच राहतील. तुमच्यापैकी कुणी साताऱ्याकडं निघालं, तर थांबा. आपले आहात म्हणून फुकट मिळणार नाही.

जय भीम.